मधली सहा तासं

माझ्या नातीचं, सुलेखाचं, लग्न झालं ते साल २०२३. लग्न मे महिन्यात झालं आणि त्याच साली पावसानं ओढ दिली, म्हणून दोन्ही गोष्टी मला एकत्रच आठवतात. लग्नाच्या पंगतीत सुलेखाचे सासरे माझ्या शेजारी बसले होते. ते छत्रपती संभाजीनगरात मुकुंदवाडीला राहतात. जेवण संपत आल्यावर ते म्हणाले, "बाबा, एकदा आम्हाला हुरड्याला बोलवा. शहरात गाडीवर मिळतो, पण त्याला चव नाय."

मी म्हणालो, "या की. जानेवारीचा पहिला रविवार तुमचा."

माझी बायको केसरबाई मागच्या रांगेत वाढत होती. तिनं ते ऐकलं. घरी आल्यावर म्हणाली, "शब्द दिलाय तर गुळभेंडी पेरावी लागंल."

"गुळभेंडी माझ्या रानात येणार नाय," मी म्हणालो.

आम्ही पेरतो ती मालदांडी. तिची भाकरी चांगली होते आणि कडबाही चांगला निघतो. गुळभेंडी ही खास हुरड्याची ज्वारी. तिचा दाणा गोड असतो आणि हिरवं कणीस तळहातावर जरा चोळलं की बोंडातून सुटा होतो. माणसाला जे सोपं ते चिमणीलाही सोपं. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एकदा गुळभेंडी पेरली होती, तेव्हा पाखरांनी माझ्यासाठी नुसती ताटं ठेवली होती.

"मालदांडीचाच हुरडा भाजू. पाहुण्याला काय कळतंय?" मी म्हणालो.

केसरबाई गप्प बसली. ती गप्प बसली की मी तो होकार धरतो. ही माझी जुनी खोड आहे.

आमचं गाव गंगापूरकडचं. आता सगळ्या शिवारात ऊस नाहीतर कापूस. आधी चारी बाजूंनी ज्वारी असायची, तेव्हा पाखरंही वाटली जायची आणि कुणाचंच फार जात नसे. त्या साली ज्वारी दोघांचीच होती, माझं दीड एकर आणि बांधापलीकडं आवडाबाईचं तेवढंच. सगळ्या शिवाराची पाखरं आम्हा दोघांच्या पंगतीला.

आवडाबाई माझ्याच वयाची, विधवा. मुलगा राजेंद्र वाळूजला कंपनीत आणि ती एकटी गावात. तिच्या हातात गोफण अशी चालायची की पुरुष बघत उभे राहायचे. बाकीचे लोक गोफणीत दगड घालतात. ती काळ्या मातीचे गुंडे वळून उन्हात वाळवायची. दगड कणसाचा दांडा मोडतो. मातीचा गुंडा पडला की फुटतो, आवाज होतो, पाखरू उठतं आणि पिकाला इजा होत नाही. तिच्या प्रत्येक गुंड्यावर तिच्या बोटांचे वळ असायचे.

बांधावर आमचा दोघांचा मिळून एक माळा होता. चार मेढी रोवून वर फळ्या आणि गवत. दोन मेढी माझ्या, दोन तिच्या. सूर्य उगवल्यापासून दुपारपर्यंत ती माळ्यावर बसायची, दुपारपासून दिवस मावळेपर्यंत मी. जो बसेल त्यानं दोन्ही रानं राखायची. चौदा वर्षं हे असंच चाललं होतं आणि त्यासाठी कधी काही बोलावं लागलं नव्हतं.

डिसेंबरच्या मध्यात दाण्यात चीक भरला. पाखरांचे दिवस सुरू झाले. एका दुपारी मी माळ्यावर चढण्याआधी रानात चक्कर मारली आणि मधोमध थांबलो.

खाल्लेलं रान बघून कुणी खाल्लं ते मला सांगता येतं. राघू कणीस मानेतून तोडतो, पंजात धरून अर्धं खातो आणि अर्धं टाकून देतो. त्याची खूण जमिनीवर सापडते. भोरड्या थव्यानं येतात, एकदम बसतात, एकदम उठतात आणि कणीस केरसुणीसारखं करून जातात. होला चढत नाही, तो खाली सांडलेलं वेचतो. चिमणी कणसावर लटकून दाणा चिरडते, चीक पिते आणि बोंड मागं ठेवते. पण कुठलंही पाखरू असो, ते कडेनं खातं. त्याला पाठीमागं बाभळ नाहीतर कुंपण लागतं, म्हणजे पळता येतं.

माझ्या रानाची कड शाबूत होती. मधोमध सहा तासं, म्हणजे पेरणीच्या सहा ओळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत जागोजाग पांढरी पडली होती. पाचांवर थांबली नव्हती आणि सातव्याला हात नव्हता. मी दोनदा मोजलं. पाखराला मोजता येत नाही. ह्यात माणसाचा हात होता.

सकाळची पाळी आवडाबाईची.

मला तिथंच शक आला. दाणे टाकून पाखराला एका जागेची सवय लावता येते. कोंबड्या पाळणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं. मधल्या तासांत मूठभर दाणे रोज फेकले की पाखरं तिथंच उतरणार आणि बांधापलीकडचं रान वाचणार. ती माळ्यावरून उतरत होती. मी विचारलं, "आवडाबाई, मधात लई खाल्लंय."

"खाणारच. पाखरंच ती."

"कडंला शाबूत हाय. मधातलीच सहा तासं खाल्लीत, दोनदा मोजली."

ती गोफणीची दोरी गुंडाळत होती. वर न बघता म्हणाली, "मग तुमची ज्वारी मधात जास्त गोड असंल, भाऊ."

"सकाळच्या पाळीत तुमचं ध्यान कुठं असतं?"

आता तिनं वर बघितलं. "माझं ध्यान पाखरावर असतं. तुमचं कशावर हाय?"

ती गेल्यावर मी पुन्हा मधल्या तासांत शिरलो आणि खाली वाकून शोधू लागलो. सांडलेले दाणे सापडले नाहीत. सापडले ते मातीचे गुंडे. काही फुटलेले, काही आख्खे, बोटांच्या वळांसकट. ते माझ्या रानात काय करत होते? मी हिशेब मांडला की ती आपल्या रानातली पाखरं गोफणीनं माझ्याकडं हाकलते. तीन आख्खे गुंडे मी खिशात घातले.

त्या दिवसापासून मी घरातही बघू लागलो. केसरबाई सकाळी फडक्यात काहीतरी बांधून रानाकडं जायची. आवडाबाईला ती आक्का म्हणायची. विचारलं तर सांगायची, "आक्का उपाशी बसती, भाकर देऊन येते." आधीही ती कधीमधी द्यायची, पण रोज नाही. एकदा मी अंगणात आलो तेव्हा दोघी ओट्यावर बसल्या होत्या. मला बघून बोलणं थांबलं. आवडाबाई उठली, "येते गं," म्हणाली आणि माझ्याकडं न बघता गेली.

"काय चाललं होतं?" मी विचारलं.

"सुलेखाची चौकशी करत होती," केसरबाई म्हणाली. खोटं बोलताना ती पदराचं टोक बोटाला गुंडाळते. तेव्हाही गुंडाळत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी आमच्या पश्चिमेच्या उसात जाऊन बसलो. उसाची पानं मानेला कापत होती. आवडाबाई माळ्यावर आली. मी पानांच्या फटीतून बघत राहिलो. तिची पाठ तिच्या रानाकडं आणि तोंड माझ्या रानाकडं होतं. सारी सकाळ तिनं पाठ वळवली नाही. गोफण फिरायची, सुटायची आणि गुंडा माझ्या मधल्या तासांत पडायचा. चिमण्या उठायच्या, भोरड्या उठायच्या, पुन्हा कुठूनतरी यायच्या. मी पाखरांकडं नीट बघितलंच नाही. गुंडे माझ्या रानात पडतात, एवढं मला पुरेसं होतं.

संध्याकाळी दूध घालायला डेअरीवर गेलो. दहा-बारा माणसं रांगेत होती. शिवराज दूध मोजत होता. मी मोठ्यानं म्हणालो, "आवडाबाई माझं रान पाखराला चारती. आपली पाखरं गोफणीनं माझ्यात हाकलती."

"मामा, पुरावा हाय का?" शिवराजनं विचारलं.

मी खिशातले तीन गुंडे काढून त्याच्या वजनकाट्यावर ठेवले.

शिवराज म्हणाला, "ह्याला फॅट किती लावू?"

लोक हसले. हसता हसता एकदम थांबले, कारण आवडाबाई किटली घेऊन मागं उभी होती. ती पुढं आली. तिनं एक एक गुंडा उचलून बघितला आणि पदरात टाकला.

"माझेच हायेत," ती म्हणाली. "वाळायला चार दिस लागतात. परत दिले ते बरं केलं."

तिनं दूध घातलं आणि निघून गेली. ती चिडली असती, भांडली असती तर मी थांबलो असतो कदाचित. तिच्या गप्प बसण्याचाही मी कबुली असाच अर्थ घेतला.

सकाळी मी पहार घेऊन बांधावर गेलो आणि माझ्या दोन मेढींतली एक उपटली. ती आली तेव्हा माळा एका अंगावर झुकला होता. फळ्या घसरत होत्या.

"भाऊ, थांबा," ती म्हणाली. मला वाटलं, आता कबूल करेल. "वरचं गवत माझं हाय. ते काढून घेते."

तिनं गवत काढलं, मग मी माझी दुसरी मेढ ओढली. माळा खाली आला.

मी माझ्या दोन मेढी पश्चिमेच्या कडेला टेकवून एक अर्धवट बैठक केली. दोन मेढींवर माळा उभा राहत नाही, तेव्हा पाठ बाभळीला टेकवली. ती बांधावर घमेलं पालथं घालून त्यावर बसू लागली. खाली बसून ज्वारीच्या वरचं दिसत नाही, म्हणून प्रत्येक वेळी उठून गोफण फिरवावी लागायची. गुडघ्यावर हात देऊन उठायची. मी लांबून बघायचो. तिची गोफण अजून माझ्याच दिशेनं सुटत होती, आणि मी मनात म्हणायचो, एवढं होऊनही खोड जात नाही.

गुरुवारी, चार जानेवारीला, मी एकटाच होतो. तिला दवाखान्यात गंगापूरला जायचं होतं, म्हणून बांध रिकामा होता. नऊच्या सुमाराला भोरड्यांचा थवा आला आणि माझ्या मधल्या तासांवर बसला. मी गोफणीत दगड घातला आणि सोडला. दगड थव्याच्या मधात पडला. थवा उठला, बांध ओलांडून गेला आणि आवडाबाईच्या रानात उतरला.

मी दुसरा दगड हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

दगड पडतो तिथून पाखरू उठतं. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. लहान पोरालाही ठाऊक असतं. तिला आपली पाखरं माझ्याकडं हाकलायची असती तर गुंडे तिच्या रानात पडले असते. ते माझ्या रानात पडत होते. म्हणजे ती माझ्या रानातून पाखरं उठवत होती. आणि उठलेली पाखरं जवळात जवळ जाणार कुठं?

मी बांध ओलांडला. कित्येक दिवसांत तिकडं पाय ठेवला नव्हता. तिच्या बांधालगतच्या ओळी मुळापासून शेंड्यापर्यंत उभ्या होत्या, पण कणसात दाणा नव्हता. नुसती पांढरी बोंडं. आत दहा-पंधरा पावलांपर्यंत तेच.

मग मी माझ्या मधल्या तासांत गेलो. आजवर मी तिथं खालीच बघितलं होतं, दाणे आणि गुंडे शोधत. आता एक शाबूत कणीस मोडलं आणि तळहातावर चोळलं. दाणे सुटे होऊन हातात आले, हिरवे, मोकळे. एक तोंडात टाकला. गोड होता.

मालदांडीचा दाणा असा सुटत नाही.

आमची पेरायची तिफण तीन नळ्यांची. जाताना तीन तासं पडतात, येताना तीन. एक फेरी म्हणजे सहा. पेरताना मी बैल हाकत होतो आणि केसरबाई मागून चाड्यात बी सोडत होती. औत हाकणाऱ्याची नजर बैलांच्या शिंगांवर असते. चाड्यात मूठ सोडणारीच्या मुठीत कुठलं बी आहे, ते तिलाच ठाऊक.

घरी गेलो. केसरबाई भाकरी थापत होती. मी मूठ उघडून दाणे परातीशेजारी ठेवले. तिनं बघितलं आणि हातातली भाकरी तव्यावर टाकली.

"कवा पेरली?"

"तुमी पेरत होता तवाच."

"बी कुठनं आणलं?"

"आक्काच्या गाडग्यातलं. तिच्यासिवाय गावात गुळभेंडी कुणाकडं राहिलीय?" ती म्हणाली. "कडंला पेरली असती तर तुमी वळखली असती. म्हणून मधात."

"आणि पाखरं?"

"पाखरं येणार हे मलाबी ठाऊक होतं. म्हणून तर आक्काला सांगितलं, सकाळी तेवढी सहा तासं सांभाळ. ती म्हणली, सोयरे येऊस्तोवर माझ्यावर सोड. रोज उजाडल्यापासून उभी राहायची. म्हणून भाकर न्यायचे."

"मी तिला डेअरीवर बोललो. माळा पाडला. तवा तरी सांगायचं होतंस."

"सांगणारच होते. तीच म्हणली, रविवार होऊ दे. नवे सोयरे येणार, घरात नवरा-बायकोची तोंडं सुजलेली नकोत." केसरबाईनं भाकरी उलटली. "तुमी सहा तासं दोनदा मोजली म्हणं. तिफणीला नळ्या किती, ते नाय आठवलं?"

मी बाहेर आलो. गंगापूरहून येणारी जीप फाट्यावर थांबते, तिथं जाऊन उभा राहिलो. आवडाबाई उतरली. हातात औषधाची पिशवी होती. मला बघून थांबली नाही. मी बरोबर चालू लागलो.

"मला कळलं," मी म्हणालो.

"काय?"

"गुळभेंडीचं. तुमचं रान गेलं माझ्यापायी."

"तुमच्यापायी नाय. केसरच्या शब्दापायी गेलं."

"मी चुकलो, आवडाबाई."

ती चालत राहिली. बांधाशी आल्यावर थांबली आणि माझ्याकडं वळली. "भाऊ, हितं कोण हाय? दोन साळुंक्या. माझ्यावर चोरी लावली ती डेअरीवर. धा-बारा माणसांत. मग मागं घ्यायचं तेबी तिथंच."

"घेतो. उद्याच घेतो."

"घ्या. मग माळा बांधू."

दुसऱ्या दिवशी मी डेअरीवर गेलो. रांग होती, शिवराज होता. मी तोंड उघडणार तोच तो म्हणाला, "काय मामा, आज गुंडे नाय आणले?" लोक हसले आणि मी दूध घालून परत आलो. शनिवारी पाहुण्यांची तयारी होती.

रविवारी सोयरे आले. सुलेखा, तिचा नवरा, सासू, सासरे. रानात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवली. केसरबाईनं आवडाबाईला बोलावणं धाडलं आणि ती आली, मुकाट आगटीशी बसली. कणसं कितपत भाजायची हे तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. सहा तासांतली शाबूत उरलेली सगळी कणसं त्या दिवशी निघाली आणि सगळ्यांना पुरली. जवसाची चटणी होती, गूळ होता, दही होतं.

सुलेखाचे सासरे दाणे तोंडात टाकत म्हणाले, "बाबा, ह्याला म्हणतात हुरडा. एवढ्या पाखरांतून राखला कुणी?"

आवडाबाईनं निखारा सारखा केला. केसरबाई माझ्याकडं बघत होती.

"आमी दोघांनी," मी म्हणालो. "ह्या आणि मी."

"दोघांनी व्हय?" आवडाबाई निखाऱ्याकडं बघत म्हणाली. "बरं."

आणि तिनं पुढचं कणीस आगटीत सरकवलं.

फेब्रुवारीत ज्वारी काढली. माझी पदरात पडली, तिची निम्मी. मी चार पेंढ्या कडबा जास्तीचा तिच्या गोठ्यात टाकला. तिनं नेऊन माझ्या गोठ्यात परत टाकला. जूनमध्ये मी माझ्या दोन्ही मेढी बांधावर नेऊन ठेवल्या, तिच्या मेढींशेजारी. ती शेजारच्याच्या कपाशीत रोजानं खुरपत होती. उठली, गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली आणि ओरडली, "डेअरी राहिली, भाऊ!"

"जातो!" मी ओरडलो.

रोज दूध घालायला जात होतो. रोज ती माणसं तिथंच असायची. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. कधी रांगेत परका माणूस असायचा, कधी शिवराज चेष्टेत असायचा, कधी काहीच नसायचं तरी मी किटली रिकामी करून यायचो. शक घेताना मला एक दिवस लागला होता.

ऑगस्टच्या शेवटी मी डेअरीवर बोललो. रांगेत आठ माणसं होती. मी म्हणालो, "आवडाबाईनं माझं रान चारलं नाय. माझं रान राखलं आणि आपलं घालवलं. मी खोटं बोललो होतो."

कुणी हसलं नाही. शिवराजनं मापटं खाली ठेवलं. "मामा," तो हळू म्हणाला, "परवा माती दिली की आपण त्यांना."

"व्हय," मी म्हणालो. "तरीबी लिहून घे."

मेढी बांधावर आहेत. तिच्या दोन, माझ्या दोन. राजेंद्रनं रान कापसाला दिलं आहे.

आवडाबाई गुरुवार, २९ ऑगस्ट २०२४ रोजी सकाळी, पोळ्याच्या चार दिवस आधी, आपल्या घरी वारली.